मिनिटाला अठ्ठावन्न

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा रंकाळ्याच्या कठड्याला धरून ओकत होता.

ऑक्टोबर १९९८. सकाळचे सव्वासहा. पाण्यावर धुक्याचा पातळ पापुद्रा होता आणि शालिनी पॅलेसचा मनोरा त्यातून अर्धाच वर आला होता. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऑगस्टमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. एकटे सोडले तर ते फेरी अर्ध्यावर टाकून भज्यांची गाडी गाठत. म्हणून मी सोबत.

"काय झालं पावणं?" आण्णांनी लांबूनच हाळी दिली.

"काय न्हाय..." तो मान खाली घालूनच म्हणाला, "दूध बाधलं."

"दूध?" आण्णा थांबलेच. तरुणपणी दहा वर्षं तालमीत काढलेली. दुधाविरुद्ध कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "कशाचं दूध?"

"म्हशीचं."

"मग त्यात म्हशीची काय चूक?"

मी मध्ये पडले. "किती प्यायलात?"

त्यानं मान वर केली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत पाणी. पण त्या अवस्थेतही तो ओशाळून हसला. "लिटरभर. दूध कट्ट्यावर... समोर म्हशीची धार काढून देत्यात तिथं."

"आणि मग?"

"मग पळालो."

"किती वेळानं?"

"लगीच."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली आणि एका कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घेणारी. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो, माहिती देऊन टाकायची मला खोड होती. "म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश असतो. ते पोटातून पुढं सरकायला तीन तास लागतात. तुम्ही त्याला तीन मिनिटंही दिली नाहीत."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "हे तुम्ही म्हशीला बी सांगितलंसा?"

आण्णा एवढ्यानं हसले की कठड्यावरचे दोन बगळे उडाले. मी हसले नाही. पण घरी गेल्यावर, स्वयंपाक करताना, एकदम हसू आलं – आणि डाळ उतू गेली.

त्याचं नाव सोमशेखर. कागलच्या पुढं, सीमेलगतच्या गावचा. घरी आईशी कन्नड, बाहेर मराठी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे करायचं काम. गंगावेशीत भाड्याची खोली. पळायला कसा लागला, तर एकदा पाळी संपल्यावर बस चुकली. "वाट बघायचा कंटाळा आला, म्हणून पळत आलो. घरी पोचलो तर लई ब्येस वाटलं. मग बस रोजच चुकवायला लागलो."

एका तालीम मंडळाची पन्हाळा ते रंकाळा अशी एकवीस किलोमीटरची शर्यत जानेवारीच्या शेवटच्या रविवारी असे. आदल्या वर्षी तो त्यात पळाला होता. पन्हाळ्याचा उतार वाऱ्यासारखा उतरला, आणि केर्लीला डांबरावर बसला तो उठलाच नाही. "उसाच्या ट्रॉलीवर बसून गावात आलो," तो म्हणाला. "शर्यतीत पैला आल्यागत लोकं टाळ्या वाजवत हुती."

"पळायच्या आधी काय खाल्लं होतं?"

तो बुटाच्या नाड्या चाचपू लागला.

"दूध?"

"...आणि चार केळी. आणि बदाम."

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेऊन आले.

*

पहिल्या पानावर मी नियम लिहिले. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. जोरात पळालेल्या दिवसानंतरचा दिवस हळू. आठवड्यातून एकदा लांब पळायचं, पण तेही हळू. पळण्याआधी तीन तास भाकरी आणि गूळ; दूध रात्री. पाणी घोटाघोटानं, त्यात मीठ, गूळ आणि लिंबू. फौंड्रीत दिवसभर भट्टीजवळ उभा राहणाऱ्या माणसाच्या निळ्या शर्टावर पाठीमागं मिठाचे पांढरे नकाशे उमटत. तेवढं मीठ परत अंगात गेलं पाहिजे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि सातवा नियम: शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. नवे बूट नाहीत, नवं खाणं नाही, नवी चाल नाही. जे पंधरा आठवडे केलं, तेच.

"हळू म्हंजे किती हळू?" त्यानं विचारलं.

"बोलता आलं पाहिजे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. धाप लागून वाक्य तुटलं, तर जास्त."

"कुणासंगं बोलू? म्हशींसंगं?"

म्हणून मी सायकल काढली.

दर रविवारी पहाटे तो पळायचा आणि मी शेजारून सायकल मारायचे. आधी रंकाळ्याभोवती, मग फुलेवाडीच्या पुढं, मग शिवाजी पुलावरून केर्लीकडं. आण्णा तेवढा वेळ कट्ट्यावर गप्पा ठोकत. तपासणी म्हणून मी प्रश्न विचारायचे आणि तो पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचा. शाळेसारखं.

"लहानपणी काय व्हायचं होतं?"

"येष्टीचा ड्रायव्हर व्हायचं हुतं मला."

"का नाही झालात?"

"पाय लांब पडले. ब्रेकवर सोडून समद्यावर पडायचे..." तो हसला. "हे वाक्य झालं का, मॅडम? का अजून क्रियापद पायजे?"

असं त्याचं आयुष्य मला चौदा-चौदा, सोळा-सोळा किलोमीटरनं कळत गेलं. वडील तो चौथीत असताना गेले. मल्लाप्पामामानं वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं. आई शांतव्वा अजून गावी होती. दर पंधरा दिवसांनी शेंगाचटणी आणि वाळलेल्या भाकरी पाठवायची. फौंड्रीत लोखंड ओततात तेव्हा पहिल्यांदा लाल दिसतं, मग पिवळं, मग बघवत नाही – हे सांगताना त्याचा वेग आपोआप वाढायचा.

"हळू," मी म्हणायचे.

"तुमी सायकल जोरात मारतासा, म्हणून."

ते खरंही होतं.

डिसेंबरात एकदा वडणग्याच्या फाट्याजवळ मध्येच म्हणाला, "आमच्यात मामाची पोरगी करत्यात. ठाऊक हाय तुमाला?"

माझं सायकलचं पायडल एकदा रिकामंच फिरलं. "...करतात, ऐकलंय."

"शांभवी नाव हाय. बारावी झाली. चांगली हाय पोरगी." चार पावलं गेली. "तिला गोकाकचं एक स्थळ आलंय. मामा इचारतोय – तुझ्या मनात काय हाय सांग, म्हंजे त्यास्नी उत्तर देतो."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हणलं, शर्यत हू दे."

मी हा टोलवाटोलवीचा प्रकार समजले. आमच्या घरी नको असलेल्या पाहुण्याला आण्णा असंच सांगत – दिवाळी होऊ दे. तारीख पुढं ढकलली की गोष्ट विरून जाते. त्यानं खरोखरच तारीख दिली असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

*

वहीत एक रकाना नाडीचा होता.

सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर लिहून आणायचा; त्यासाठी आण्णांनी त्याला आपलं घड्याळ वापरायला दिलं होतं. विश्रांतीची नाडी हळूहळू उतरत गेली की सराव अंगी लागतोय. एकदम चढली, तर अंग थकलंय; त्या दिवशी पळायचं नाही. मग रंकाळ्यावर, पळायच्या आधी, पाच मिनिटं बसवून मी स्वतः मोजायची. पंधरा सेकंद, गुणिले चार.

त्याच्या चिठ्ठ्या: साठ. अठ्ठावन्न. छप्पन्न. पंचावन्न.

माझ्या बोटांखाली: बहात्तर. शहात्तर. बहात्तर. ऐंशी.

मी समासात लिहिलं – मोजणीत चूक, सोमशेखर. त्याला परत शिकवलं. बोटं अशी ठेवा, अंगठा वापरू नका, घड्याळाचा काटा बारावर आला की सुरू करा. तो मन लावून ऐकायचा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर चोपन्न, आणि माझ्याकडं शहात्तर.

"तुम्हाला मोजता येत नाही."

"व्हय की. तुमच्याएवढं शिकलेलो न्हाय मी."

शेवटी एका सकाळी – अवकाळी पाऊस पडून गेला होता, कठडा ओला, पळसाच्या पानांवरून थेंब टपकत होते – मी तिसरा माणूस आणायचा ठरवला. "आण्णा, तुम्ही मोजा. पंधरा सेकंद. मी घड्याळ धरते."

आण्णांनी त्याचं मनगट कुस्तीगिरासारखं पकडलं. "सोड म्हणजे कळल... ढिला सोड की रं!" मग डोळे मिटले. "चौदा."

चौदा चोक छप्पन्न.

मी आण्णांना बाजूला सारलं, माझी तीन बोटं ठेवली. सोमशेखर पाण्याकडं बघत राहिला. त्याच्या कानाची पाळी लाल होत चालली होती. एकोणीस. एकोणीस चोक शहात्तर.

"किती?" आण्णांनी विचारलं.

"शहात्तर."

"मग तुझी चूक हाय. दोन मिन्टांत वीसनं वाढती व्हय कुणाची?" असं म्हणून आण्णा भज्यांच्या वासाच्या दिशेनं बघत पुढं चालू लागले.

मी मनगट सोडलं नाही. प्रयोगात एक जुनी अडचण असते. मोजणारा जवळ आला की मोजायची गोष्टच बदलते. हे मी वर्गात शिकवत असे.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "आता समासात कुणाची चूक ल्हिवणार?"

मी काही लिहिलं नाही. त्या दिवसापासून मी पंधरा सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट मोजू लागले. जास्त अचूक येतं, म्हणून... असं मी त्याला सांगितलं.

*

शर्यतीच्या आधीचा गुरुवार. सरावाचा आठवडा हलका होता. त्याला फक्त तीन किलोमीटर पळायचं होतं. संध्याकाळी आला तो कामावरून थेट, शर्टावर तेच मिठाचे नकाशे. आण्णा बाकावर कुणाशी तरी कुस्तीवरून भांडत होते.

"मला जरा बोलायचं हुतं."

मला कळलं काय बोलायचंय. ते माझ्या बोटांना महिनाभर कळत होतं. छातीत एकदम काहीतरी उघडलं, आणि त्याच क्षणी मी घाबरले. आण्णांचं हृदय. नात्यातली माणसं, जात, भाषा, चार तोंडं. हे सगळं आण्णांपुढं एकदम ठेवायचं नव्हतं. आधी एकदा सहज नाव काढायचं, मग एकदा जेवायला बोलवायचं, मग... दहा टक्क्यांनी वाढवत न्यायचं. माझ्याजवळ सगळं आखून तयार होतं. फक्त शर्यत मध्ये होती.

"आत्ता नको," मी म्हटलं. "या आठवड्यात झोप, जेवण, विश्रांती. डोक्याला नवीन काही लावून घ्यायचं नाही."

"नवीन न्हाय ओ ते. जुनंच हाय."

"मग तीन दिवसांनी आणखी जुनं होईल."

तो हसला, पण हसू ओठांवरच थांबलं. "शर्यतीआधी न्हाय जमायचं?"

"शर्यत झाल्या झाल्या. शब्द देते, सगळं ऐकेन. काय म्हणाल ते."

त्यानं एकदा आण्णांच्या बाकाकडं पाहिलं. मग मान हलवली. माझा एकही नियम त्यानं कधी मोडला नव्हता. गुळाचं पाणी जिभेला आवडत नसताना घोटाघोटानं प्यायला होता, मित्र चिडवत असताना हळू पळाला होता. हाही नियमच समजला असावा.

"बरं," तो म्हणाला.

*

रविवारी पहाटे पन्हाळ्यावर मरणाची थंडी होती. नाक्याजवळ अडीचशे-तीनशे पळणारे उड्या मारत अंग तापवत होते. मी लुना घेऊन आले होते. मागं आण्णा, त्यांच्या मांडीवर पिशवीत सहा बाटल्या.

मी एकेक तपासलं. बूट जुने. मोजे जुने. साडेतीनला भाकरी-गूळ खाल्ला. "पहिले पाच किलोमीटर उतार आहे. लोक पुढं जातील. जाऊ द्या. वाघबीळपर्यंत तुम्ही पळतच नाही आहात असं समजा. मांड्या तिथं फुटल्या तर शेवटी मिळत नाहीत."

"व्हय."

"केर्लीला मी उभी असेन. दोन घोट. मग शिवाजी पुलावर."

"व्हय." तोंडातून वाफ. तो माझ्याकडंच बघत होता. "मॅडम, एकच इचारू? एकच हाय. व्हय न्हायतर न्हाय, एवढंच सांगा."

आजूबाजूला गलका होता. कर्ण्यातून कुणीतरी रांगेत उभं राहायला सांगत होतं. आण्णा चार हात लांब बाटल्या मोजत होते.

मी बोट वर केलं, वर्गात करते तसं, आणि हसून म्हटलं, "सातवा नियम काय?"

तो ताठ उभा राहिला. मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "शर्यतीच्या दिशी नवीन काय न्हाय."

"शाब्बास. हात द्या."

त्यानं मनगट पुढं केलं. थंडगार. मी डोळे घड्याळावर ठेवले आणि पूर्ण मिनिट मोजलं.

अठ्ठावन्न.

माझ्या बोटांखाली पहिल्यांदाच. मी वहीत लिहिलं – ५८. छान. शांत आहे. मला अभिमान वाटला. पंधरा आठवड्यांच्या शिस्तीचं फळ वाटलं. सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या कुठल्याही धावपटूची नाडी चढलेली असते, हे मला माहीत होतं. ती उतरली असेल तर का उतरली, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. पण हवा तो आकडा आला की माणूस प्रश्न विचारत नाही.

तो सुंदर पळाला. इतकं मात्र मी कुणालाही सांगेन. वाघबीळला त्याच्यापुढं दोनशे माणसं होती. केर्लीला, गेल्या वर्षी बसला त्या जागेवरून, तो ओळखू न येण्याइतका सहज गेला. दोन घोट घेतले, बाटली आण्णांच्या हातात परत दिली. आण्णा ओरडले, "मार की रं वाघा, आता कुणाची वाट बघतोस!" पण तो तसाच गेला, एका मापात. वडणग्याच्या फाट्यानंतर पुढची माणसं तुटायला लागली. कुणी पोटऱ्या धरून उभं, कुणी कडेला ओकत. तो एकेकाला मागं टाकत आला.

शिवाजी पुलावर उन्हाची पहिली तिरीप पंचगंगेवर पडली होती. मी बाटली घेऊन पुढं झाले. त्यानं ती घेतली आणि वेग कमी केला... नको इतका कमी केला. जवळजवळ थांबलाच. माझ्याकडं पाहिलं.

"चार मिनिटं अठ्ठावीसची चाल आहे!" मी ओरडले. "थांबू नका! फक्त तीन राहिले – जा!"

तो गेला.

*

गंगावेशीत गर्दीमुळं रस्ता अडवलेला होता. लुना वळवून, गल्ल्यांतून, आण्णांच्या शिव्या ऐकत आम्ही रंकाळ्यावर पोचलो तोवर बारा मिनिटं उशीर झाला होता. मी टॉवेल आणि गुळाचं पाणी घेऊन गर्दीतून पळत सुटले. घड्याळात एक तास चौतीसच्या आत त्याचा आकडा असणार, हे मला गणितानं माहीत होतं. आणि आता ऐकायचं होतं. शब्द दिला होता. उत्तरही ठरलं होतं – व्हय. त्याच्याच भाषेत म्हणणार होते.

तो कठड्याजवळ उभा होता. गळ्यात झेंडूचा हार. शेजारी पांढऱ्या फेट्यातला धिप्पाड माणूस त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. एक बुटकी, कपाळाला विभूती लावलेली बाई पदरानं त्याचं तोंड पुसत होती. आणि तिच्या मागं, हिरव्या साडीत, मान खाली घातलेली एक मुलगी. तिच्या कपाळावरचं कुंकू ताजं होतं, इतकं ताजं की थोडं नाकावर सांडलं होतं.

"ह्याच त्या मॅडम," सोमशेखर म्हणाला. आवाज सपाट.

"बा गं, तंगी!" – ये गं, बहिणी – म्हणत शांतव्वानं माझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच आमच्या सोमाला वळण लावलासा. गेल्या साली मेला हुता की ह्यो! घ्या, तोंड गोड करा. ठरलं बघा आमचं."

स्टीलच्या डब्यात हुग्गी होती. खपली गहू, गूळ, वरून खोबरं. शुभकार्याची. पहाटे उठून केलेली असणार. अजून कोमट होती.

"मामांनी सांगितलं हुतं," मल्लाप्पामामा आण्णांना हसून सांगत होते, स्वतःलाच मामा म्हणत, "पोरा, तुझ्या मनात दुसरं कोण आसल तर शर्यत संपायच्या आत सांग. मी हात जोडून बाजूला हुतो, गोकाकला हो कळवतो. पळत आला, पाया पडला, म्हणला – कोण न्हाय, मामा."

मी सोमशेखरला सांगून ठेवलं होतं की पळून झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी गोड पोटात गेलं पाहिजे, नाहीतर स्नायू भरून येत नाहीत. त्याच्या हातात हुग्गीची वाटी होती. तो माझ्याकडं बघत, चमच्याचमच्यानं, नियमाप्रमाणं खात होता.

मीही खाल्ली. छान झाली होती.

"एक तास तेहतीस मिनिटं चाळीस सेकंद," मंडळाच्या फळ्यावर लिहिलेला आकडा वाचून मी म्हणाले. "अभिनंदन."

घरी आल्यावर आण्णा बराच वेळ पायातलं काढत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैजू, म्या त्या दिशी खरं मोजलं हुतं. चौदाच."

"माहीत आहे, आण्णा."

"मग बोलली का न्हाईस? तू बोलली असतीस तर म्या न्हाय म्हणणार न्हवतो."

"तुमचं हृदय..."

"माझं हृदय दहा वरीस मातीत आपटून घेतलंय," आण्णा म्हणाले. आणि उठून आत गेले.

*

आता २००९ आहे. आण्णा गेल्याला चार वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात शिकवते, आणि आमच्या मुली शर्यतीला जातात तेव्हा त्यांना तेच नियम लिहून देते. सातवासुद्धा. तो बरोबरच आहे. फक्त तो बूट आणि खाणं यांच्यापुरता आहे, हे मी आता तोंडी सांगते. मुली हसतात.

वही माझ्याकडं आहे. शेवटचा भरलेला आकडा अठ्ठावन्न. त्याच्या खाली आणखी एक तारीख आहे, सात फेब्रुवारी, आणि तिच्यापुढं चौकट.

त्या दिवशी तो आण्णांचं घड्याळ परत द्यायला रंकाळ्यावर आला होता. मार्चमध्ये लग्न होतं. नंतर गावाजवळच, निपाणीला काम बघणार होता.

"मी इचारणार हुतो," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"माहीत हुतं?" त्यानं घड्याळाचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "मला वाटलं, न्हाय म्हणायला जड जातंय, म्हणून नियम सांगताय."

"मला वाटलं, तुम्ही नीट पळावं."

"पळालो की." त्यानं घड्याळ कठड्यावर ठेवलं. "शर्यत झाल्यावर सांगा म्हणलासा. माझी तर मुदतच तिथवर हुती."

"सांगायचं होतं ना तसं..."

"सांगाय लागलो तर तुमी बोट वर केलासा." तो हसला. खरं हसला, अगदी पहिल्या दिवसासारखा, ओशाळून. "तुमचं बोट वर गेलं की माझं तोंडच बंद हुतंय. काय करू?"

धुकं विरत होतं. मनोऱ्याचं घड्याळ दिसायला लागलं होतं. मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं, पण हिरव्या साडीतली ती मुलगी, तिच्या नाकावर सांडलेलं कुंकू... तिनं काही चूक केली नव्हती. तिच्या वाट्याचं मी मागू शकत नव्हते. तोही मागू देणार नव्हता; मामाला दिलेला शब्द त्यानं माझ्या नियमांसारखाच पाळला असता.

"येतो मी," तो म्हणाला. आणि गेला नाही. निळ्या शर्टाची बाही वर सारून त्यानं मनगट पुढं केलं. "एवढं एकदा मोजा. शेवटचं."

मी तीन बोटं ठेवली. घड्याळ शेजारी कठड्यावरच होतं; त्याचा काटा बारावर आला, पुढं गेला, फिरून परत बारावर आला. मी तिकडं पाहिलं नाही. बोटांखाली नाडी धावत होती – उतारावर धावावं तसं, कुणी आवरायला नसल्यासारखं.

मी मोजलं नाही.

ती चौकट अजून कोरी आहे.